कोल्हापूर ते नागपूर हवाई अंतर किती? वहीवर काढून बघा

कोल्हापूरहून नागपूरला रस्त्याने निघालं की वळणावळणाने जावं लागतं. विमानाला ती वळणं नसतात. मग हवाई अंतर किती? वही, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय एवढ्यावर ते निघतं.

आधी अक्षांश-रेखांश मिळवा, तेही शहराचे नव्हे, विमानतळाचे. गूगल मॅप्सवर कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाच्या धावपट्टीवर बोट दाबून धरलं की दोन आकडे दिसतात, आधी अक्षांश, मग रेखांश: १६.६६ आणि ७४.२९. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाचे २१.०९ आणि ७९.०५. गोव्याला तर नुसतं 'गोवा' म्हणून चालतच नाही. दाबोळी आणि मोपा या तिथल्या दोन विमानतळांत सरळ रेषेतच सुमारे ४० किमी आहेत.

आकडे अंश-मिनिटांत मिळाले, समजा १६ अंश ४० मिनिटं, तर ते १६.४० लिहू नका. मिनिटांना ६० ने भागायचं, म्हणजे १६.६७. हे विसरलात तर इथेच ३० किमीची चूक होते.

आता वजाबाकी. अक्षांशांतला फरक ४.४३, रेखांशांतला ४.७६. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किमी, म्हणून उत्तरेकडचं अंतर ४.४३ × १११ = ४९२ किमी.

रेखांशांचं तसं नाही. संत्र्याच्या फोडी मधे रुंद आणि टोकाला निमुळत्या असतात ना, तसे रेखांश ध्रुवाकडे जाताना जवळजवळ येतात. म्हणून मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे १८.९ अंशांच्या, कोसाइनने गुणायचं. ती ०.९४६. म्हणजे ४.७६ × १११ × ०.९४६ = ५०० किमी. कॅल्क्युलेटर 'डिग्री'वर आहे ना, तेवढं नक्की बघा. रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर, असला तर कोसाइन ०.९९९ येते, आणि आकडा इतका साळसूद दिसतो की चूक लक्षातही येत नाही.

उत्तरेकडे ४९२, पूर्वेकडे ५००. दोन्हींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. कर्ण आला ७०१ किमी. वैमानिकांच्या भाषेत सुमारे ३७९ सागरी मैल, कारण एक सागरी मैल १.८५२ किमीचा.

पडताळ्यासाठी संगणकावर गूगल मॅप्स उघडा, धावपट्टीवर उजवं क्लिक करून 'अंतर मोजा' निवडा आणि दुसऱ्या धावपट्टीवर क्लिक करा. दोन-चार किलोमीटर इकडेतिकडे झाले तर बिनघोर राहा. मुंबई-लंडनसारख्या लांब पल्ल्याला मात्र ही पद्धत लावू नका. तिथे पृथ्वीची गोलाई धरणारं हॅवरसाइन सूत्रच हवं.

प्रत्यक्ष उड्डाण ७०१ किमीहून थोडं जास्तच भरतं. वाऱ्याप्रमाणे धावपट्टीची दिशा ठरते, मग ठरलेल्या हवाई मार्गावर यायचं, उतरताना पुन्हा वळसा. एटीआर ७२ सारखं पंख्याचं विमान ताशी साधारण ५०० किमी कापतं, म्हणजे सरळ अंतरालाच ८४ मिनिटं. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांची वीसेक मिनिटं त्यात मिळवा.