सॅग मोजायला बसण्यापूर्वी

सायकलस्वार माउंटन बाइकवर नुसता स्थिर बसला असता त्याच्या वजनाने फोर्क (पुढच्या चाकाचा दबणारा चिमटा) आणि मागचा शॉक (मागच्या चाकाचे धक्के झेलणारी हवेची नळी) जेवढे दबतात, ते अंतर म्हणजे सॅग. हे काम पंधरा-वीस मिनिटांचे आहे, पण तयारी अर्धवट असली की तेच तीनदा करावे लागते. मिलिमीटरच्या ठळक खुणांची पट्टी, शॉक पंप, मऊ कापड, वही-पेन्सिल आणि हँडल धरायला एक माणूस, एवढे आधी जमवावे. टायरचा फूटपंप येथे चालत नाही. शॉकमधली हवेची जागा इतकी लहान असते की त्याच्या एका ठोक्यात दाब कुठल्या कुठे जातो, आणि मागच्या शॉकला अनेकदा लागणाऱ्या दोनशे पीएसआय दाबापर्यंत बहुतेक फूटपंप पोहोचतही नाहीत.

स्वाराने अंगावर तेच सर्व घालावे जे वाटेवर असणार आहे : हेल्मेट, बूट, गुडघ्यांची पॅडे आणि पाण्याने भरलेली पाठपिशवी. दोन लिटर पाण्याचे दोन किलो होतात, आणि घरच्या कपड्यांत जुळवलेला सॅग पहिल्याच चढाला खोटा ठरतो.

यानंतर प्रत्यक्ष ट्रॅव्हल, म्हणजे फोर्क जास्तीत जास्त दबू शकतो ते अंतर, किती, हे पक्के करावे; सॅग त्याच्याच टक्क्यांत धरतात. फोर्कची नळी बाहेर जेवढी दिसते तेवढाच ट्रॅव्हल, असे धरून चालू नये, कारण पूर्ण दबल्यावरही काही मिलिमीटर नळी बाहेर उरू शकते. शंका असल्यास आधी सध्याचा दाब वहीत लिहावा, बाहेरची नळी मोजावी, मग हवा सावकाश सोडून फोर्क तळापर्यंत दाबावा आणि पुन्हा मोजावे. दोन मापांतला फरक हाच खरा ट्रॅव्हल.

मागच्या बाजूला मात्र चाकाचा ट्रॅव्हल बाजूला ठेवून शॉकचा स्ट्रोक, म्हणजे शॉक स्वतः जेवढा दबू शकतो ते अंतर, घ्यावा लागतो. शॉकच्या मापात २१० × ५५ असे दोन आकडे असतात; पहिला शॉकच्या दोन टोकांच्या बोल्टच्या भोकांच्या, म्हणजे डोळ्यांच्या, मध्यांमधले अंतर सांगतो आणि दुसरा स्ट्रोक. तीस टक्के सॅग हवा असेल तर ५५ चे तीस टक्के, म्हणजे साडेसोळा मिलिमीटर. मी पहिल्या खेपेस चाकाच्या १४० मिलिमीटरचे तीस टक्के काढले आणि ओ-रिंग (नळी किती दबली ते दाखवणारे सरकते रबरी कडे) ४२ वर येईपर्यंत इमाने इतबारे हवा सोडत राहिलो. शॉकचा तीन चतुर्थांश स्ट्रोक बसल्याबसल्याच संपला होता आणि सायकल सैल बाजेसारखी झाली होती.

मोजण्याआधी लॉकआउट (दबणे थांबवणारी) आणि कॉम्प्रेशन (दबण्याचा वेग आवरणारी) या कळा पूर्ण उघड्या आहेत ना, हे पाहावे. नळ्यांवरची धूळ कापडाने पुसावी, कारण मातीचा कण रबरी सीलखाली गेला की नळीवर चरा पडतो. दाब बदलल्यावर फोर्क आणि शॉक दहाएक वेळा सावकाश दाबून सोडावेत, म्हणजे मुख्य कप्पा आणि त्याच्या उलट दिशेने दाब देणारा ऋण कप्पा यांतली हवा समतोल होते. ही पायरी गाळणाऱ्याचा सॅग दर वेळी निराळा येतो आणि तो बिचारा पंपाला दोष देतो. पंप काढताना होणारा फुस्स आवाज बहुतांशी पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो, तेवढ्याने घाबरून पुन्हा हवा भरू नये.

आता सपाट जमिनीवर मदतनिसाने पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल सांभाळावे. ब्रेक दाबू नयेत. स्वाराने पेडल समपातळीत ठेवून उभे राहावे, दोनदा हलकेच दबून स्थिर व्हावे आणि मदतनिसाने ओ-रिंग सीलपर्यंत सरकवावी. उतरताना उडी मारली तर ओ-रिंग पुढे ढकलली जाते, म्हणून वजन हळूहळू काढून एक पाय टेकवत उतरावे. ओ-रिंग नसल्यास बारीक केबल टाय सैलसर बांधून काम भागते, फक्त स्वारीपूर्वी ती आठवणीने कापावी. मोजमाप तीनदा घेऊन मधले धरावे. काही उत्पादक बसून मोजायला सांगतात, काही उभ्याने. आपल्या शॉकच्या पुस्तिकेतली रीत घ्यावी आणि पुढेही तीच ठेवावी.

ट्रेल सायकलसाठी, म्हणजे चढ-उतार दोन्हींच्या डोंगरवाटांसाठीच्या सायकलसाठी, पुढे वीस टक्क्यांच्या आसपास आणि मागे पंचवीस ते तीस टक्के ही सुरुवात ठीक असते. १४० मिलिमीटरच्या फोर्कला ती २८ मिलिमीटर होते. क्रॉसकंट्रीला याहून कमी आणि डाउनहिलला जास्त सॅग ठेवतात. फोर्कवरच्या तक्त्यात वजनासमोर दिलेला दाब हा अंदाज समजावा, पट्टीवरचे मिलिमीटर खरे मानावेत. दाब पाच-पाच पीएसआयनेच बदलावा आणि रिबाउंडला, म्हणजे दबून परत उसळण्याच्या वेगाच्या कळीला, सॅग जुळल्यानंतरच हात लावावा.

वहीत दाब आणि सॅग यांच्याबरोबर हवेचे तापमानही लिहावे. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे २०० पीएसआय भरलेला शॉक मे महिन्याच्या दुपारी, एक ठोकाही न मारता, पंधरा-वीस पीएसआयने वर गेलेला असतो.

शेवटी ओ-रिंग सीलला टेकवून नेहमीच्या वाटेवर एक फेरी मारावी. सर्वांत मोठ्या धक्क्याला ती जवळजवळ टोकाला जावी. साध्या खडबडीतच ती टोक गाठत असेल आणि सॅग मात्र बरोबर असेल, तर दाब न वाढवता हवेच्या कप्प्यात एक स्पेसर, म्हणजे हवेची जागा कमी करणारा प्लॅस्टिकचा तुकडा, घालावा.