मुलासाठी छोटे, वेगळे नाव निवडताना या चुका टाळा

दोन अक्षरांचे आणि सहसा कानावर न पडलेले नाव हवे, अशी मागणी हल्ली घरोघरी असते. अडचण अशी की, दोन अक्षरांचा शब्द भाषेत रिकामा पडलेला क्वचितच सापडतो. तो आधीपासून कुठेतरी कामाला जुंपलेला असतो. माझ्या भाच्याच्या बारशाआधी ‘अर्क’ या नावावर घरात एकमत झाले होते आणि ‘सूर्य’ हा त्याचा अर्थ कोशात तपासूनही घेतला होता. आजीने फक्त “कसला अर्क, ओव्याचा?” एवढेच विचारले, त्यावर धाकट्या भावाने “कार्टं म्हणजे एक अर्क आहे” हे नेहमीचे वाक्य म्हणून दाखवले आणि नाव तिथेच बारगळले.

संस्कृत अर्थ पाहायचा आणि मराठीतला विसरायचा, ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. ‘शिवाय’ हे नाव सध्या बरेच ऐकू येते. संस्कृतात ती ‘शिव’ शब्दाची चतुर्थी आहे, म्हणजे ‘शिवाला’. मराठीत मात्र ते चक्क अव्यय आहे. शाळेच्या डायरीत “शिवाय डबा खात नाही” असे लिहून आले, तर त्याआधीची तक्रार कोणती होती, हे पालक शोधत बसतील. सातवाहन राजा हाल याचे नाव छोटे, दुर्मीळ आणि पैठणच्या मातीतले आहे, पण “हाल कुठे आहेत?” असे विचारण्याची वेळ कोणावर आणावी? नल राजा मराठीत नळ होतो आणि स्वयंपाकघरात जाऊन बसतो. दशरथाच्या वडिलांचे नाव ‘अज’, म्हणजे न जन्मलेला. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ बोकड.

यावर उपाय सोपा आहे. नाव कागदावर न पाहता तोंडात घोळवावे, त्याने हाक मारावी, त्याची तक्रार करावी, फोनवर कोणाला तरी ते एकदाच सांगून नीट ऐकू गेले का ते पाहावे आणि त्याला विभक्तीचे प्रत्यय लावावेत. ‘वेद’ हे चांगलेच नाव आहे, फक्त हा मुलगा वयाने मोठा झाल्यावर लोक आदराने “वेदना विचारा” म्हणतील, एवढे लक्षात असू द्यावे. मित्रमंडळी नावाला ‘या’ जोडणारच, म्हणून ‘यश्या’, ‘ओम्या’ हेही घरातच म्हणून घ्यावे.

दुसरी चूक म्हणजे यादीत दिलेल्या अर्थावर विश्वास ठेवणे. ‘रेयांश’मधील ‘रेय’ म्हणजे किरण असे सांगितले जाते. असा शब्द संस्कृतात नाही, त्या अर्थाचा ‘रे’ इंग्रजीत आहे. शिवाय (हे अव्यय आहे) सगळेच पालक त्याच याद्या चाळत असल्यामुळे ‘अंश’ने संपणारी नावे वेगळी राहिलेली नाहीत. अर्थ वामन शिवराम आपटे यांच्या संस्कृत कोशात आणि मोल्सवर्थच्या मराठी कोशात, असा दोन्हीकडे पाहावा. दोन्ही कोश आंतरजालावर मोफत पाहता येतात.

राशीच्या अक्षरासाठी हट्ट धरल्यानेही नावे बिघडतात. नक्षत्राच्या चरणावरून नावाचे पहिले अक्षर सांगणाऱ्या अवकहडा चक्रात हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ‘ण’ आणि आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’ येतो. त्यावरून नाव शोधणार कुठून? नावरसाचे नाव पत्रिकेत आणि हाकेचे नाव वेगळे, ही जुनी सोय त्यासाठीच आहे.

रोमन लिपीतले रूप दाखल्याआधीच ठरवावे. ‘नील’ हे एन-आय-एल असे लिहिले, तर इंग्रजीत ते शून्य होते. ‘ऋ’चा उच्चार मराठीत ‘रु’ आणि हिंदीत ‘रि’ होत असल्यामुळे ‘ऋषी’सारखे नाव आधारवर एक आणि पासपोर्टवर दुसरे असे होऊ शकते. आडनावही सोबत म्हणून पाहावे: ‘नभ’पुढे काळे आले की आभाळ भरून येते आणि ‘नील’पुढे गायकवाड आले की ऐकणाऱ्याला आधी नीलगाय दिसते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव येते, त्यामुळे चारही शब्द एका दमात म्हणून पाहावेत.

शेवटची चूक घाईची. जन्माची माहिती २१ दिवसांत द्यावी लागते, म्हणून नावही तेव्हाच ठरले पाहिजे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात जन्मनोंद नावाशिवाय करता येते आणि नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते. त्यानंतर विलंब शुल्क पडते. एकदा चढलेले नाव बदलणे मात्र फार किचकट असते. आमच्या भाच्याचे नाव चौथ्या महिन्यात चढले. तोवर आजीने त्याला ‘बाळ्या’ करून टाकले होते.