उत्क्रांतिवृक्ष वाचताना टोकं नाही, फाटे बघा

उंट, डुक्कर, गाय, पाणघोडा आणि देवमासा या पाच सस्तन प्राण्यांचा वृक्ष कागदावर काढा. मुळापासून आधी उंटाची फांदी फुटते, मग डुकराची, मग गाईची; शेवटच्या फाट्यावर पाणघोडा आणि देवमासा. आकृतीत मूळ दाखवलेलं नसेल, तर कोण आधी फुटलं हे सांगायला जाऊ नका.

बहुतेकांची गाडी पुढे अडते. टोकावर शेजारी उभे असलेले प्राणी जवळचे नातेवाईक, असं डोळा सांगतो. तो खोटं सांगतो. प्रत्येक फाटा पाळण्यावर टांगलेल्या चिमण्यांसारखा फिरतो. गाईचा फाटा फिरवा: उंट, डुक्कर, पाणघोडा, देवमासा, गाय. डुक्कर आणि पाणघोडा शेजारी आले, नातं मात्र तसूभरही बदललं नाही. या दोघांना एका गटात कोंबणारं जुनं वर्गीकरण दिसण्यावरच भाळलं होतं.

म्हणून दोन टोकांवर दोन बोटं ठेवा आणि मुळाकडे सरकवा. बोटं भेटतात तो समाईक पूर्वज. भेट जितकी अलीकडची, तितकं नातं जवळचं.

आता सांगा, डुक्कर गाईला जवळचं की देवमाशाला? दोघांनाही सारखंच, दोन्ही वेळा बोटं एकाच फाट्यावर भेटतात. ‘वाटेतले फाटे मोजा’ हा सल्ला सरळ कचऱ्यात टाका. गाईपर्यंत दोन फाटे लागतात, देवमाशापर्यंत तीन. गाईच्या फांदीवर शेळी आणि गवा जोडा, की गाईपर्यंत चार होतात. चित्रात प्राणी वाढले म्हणून डुकराचं नातं बदलतं का?

गट ओळखायचा तर फांदीवर एकदाच कात्री चालवा. खाली पडेल तो सगळा खरा गट. देवमासा वगळून बाकीचे चार एका कापात पडतच नाहीत. खूर नसला तरी देवमासा समखुरी, म्हणजे पायाला सम संख्येनं खूर असणाऱ्या, प्राण्यांतलाच. पाकिस्तानात सापडलेल्या प्राचीन देवमाशांच्या घोट्याचं हाड दोन्ही टोकांना कप्पीसारखं आहे, ही समखुरींची खूण. ते २००१ मध्ये जगापुढे आलं.

फांदीच्या लांबीला अर्थ असतो तो मोजपट्टी दिली असेल तरच.

हात बसला की सस्तन प्राण्यांचा मोठा वृक्ष घ्या आणि एक बोट चिचुंद्रीवर ठेवा. उंदराच्या बोटाआधी ते देवमाशाच्या बोटाला भेटतं.