चिकूने खाणं सोडलं तेव्हा

आमचा ससा चिकू दोन वर्षांचा. गाजर, पोळीचा तुकडा आणि मंडईतला लसूणघास, एवढ्यावर मजेत होता, असं आम्ही समजत होतो. मग त्याच्या लेंड्या बारीक झाल्या, ढुंगणाला मऊ शी चिकटायला लागली, आणि एके सकाळी त्याने गाजराकडेही पाहिलं नाही. ससा अर्धा दिवस उपाशी राहिला तर आतड्यांची हालचाल थंडावते, म्हणून तडक डॉक्टरांकडे पळालो. पहिल्या ठिकाणी कुत्र्या-मांजरांचाच सराव; दुसरीकडे दाढा तपासल्या. दाढांना टोकं फुटून गालाला टोचत होती. भूल देऊन ती घासावी लागली.

सशाचे दात जन्मभर वाढतात आणि झिजतात ते मुख्यतः सुकं गवत तासन्‌तास चघळून. गाजरात साखर भरपूर, लसूणघासात कॅल्शियम जास्त. मोठ्या सशाला ते रोज नको.

आता प्रश्न गवताचा. ऑनलाइन मिळणारं टिमोथी नावाचं सुकं गवत महाग, म्हणून जवळच्या गोठ्यातून वाळलेलं गवत आणलं. बुरशीचा वास आला तर सरळ परत! पण साहेब तोंड लावेनात. शेवटी कागदी रोलच्या नळीत गवत कोंबून मध्ये कोथिंबिरीच्या दोन काड्या खोचल्या. शिवाय ससे शी करता करता चरतात, म्हणून त्याच्या शीच्या ट्रेमध्येच एका टोकाला गवताचा ढीग ठेवला. ही युक्ती चालली.

तीन आठवड्यांत लेंड्या पुन्हा टपोऱ्या, गोल. गाजर आता आठवड्यातून एकदा, तेही चकतीभर. आई मात्र अजून चोरून पोळी देते.