शब्दाचं मूळ कसं शोधायचं? 'चेतवणे' घेऊन बघू

आमची आजी पहाटे बंबातली राख उकरायची, खाली कालचा निखारा धुगधुगत असला की त्यावर नारळाची शेंडी ठेवून फुंकायची आणि म्हणायची, "चेतला गं बाई!" आणि हीच आजी काकांना दम द्यायची, "त्याला उगाच चेतवू नकोस, आधीच तापलाय." म्हणजे विस्तव पण चेततो नि माणूस पण. मग शब्द आधी कुणाचा?

तर पहिलं काम म्हणजे अशी कानावर पडलेली वाक्यं लिहून काढा, कोश नंतर. मग मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा, पहिली आवृत्ती 1831 ची, पण दुसरी, 1857 ची घ्या, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहे. 'चेतणे' टाकून काही मिळालं नाही तर 'चेतणें' टाका, तेव्हा शेवटी अनुस्वार द्यायचे आणि नवखे लोक इथंच अडकतात. जोडीला दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश ठेवा.

आता धातू, म्हणजे शब्दाचं संस्कृत मूळ, बघायचा. इथं तो 'चित्', म्हणजे जाणीव होणं, भान येणं. चित्त, चेतना आणि हिंदीतली चेतावनी सगळी याच घरातली. म्हणजे आजी निखारा 'पेटवत' नव्हती, झोपलेल्याला उठवत होती! ऋग्वेदात (मंडल 8, सूक्त 44) पण अग्नीला पाहुणा म्हटलंय आणि त्याला तुपानं 'जागं करा' असं सांगितलंय, धातू वेगळा आहे पण कल्पना तीच. त्यामुळं आगीवरून भांडणाचा अर्थ आला असं मला नाही वाटत, जागं करणं हे मूळ, आग आणि डिवचणं या दोन्ही त्याच्याच फांद्या. म्हणूनच भाषणानं तरुणांना चेतवलं हे कौतुकानं म्हणता येतं, चिथावलं म्हटलं की मात्र सरळ आरोपच.

एक सांभाळा, नुसत्या आवाजावर जाऊ नका. 'चिता' आगीची म्हणून तिला या घरात ढकलावंसं वाटतं, पण ती 'चि' म्हणजे रचणं यातून आलीय, लाकडं रचलेली ती चिता. उलट 'चिंता' मात्र चित्च्या नात्यातली निघते. आणि उत्तेजन? त्यातला 'तिज्' म्हणजे धार लावणं, तेज पण त्यातूनच आलं, तिथं काडीपेटीचा काही संबंध नाही.