हर्णैला सहकुटुंब निघण्यापूर्वी या चुका टाळा

नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की साताऱ्यात घरोघरी समुद्राचा बेत ठरू लागतो आणि दापोली तालुक्यातील हर्णै, मुरूड, कर्दे, आंजर्ले ही नावे कानावर पडू लागतात. बेत आखणारा माणूस बहुधा घरातील सर्वांत उत्साही आणि सर्वांत कमी चौकशी करणारा असतो. खोलीच्या भाड्यावरून तो तासभर घासाघीस करतो. परंतु ज्या गावाला जायचे ते मासेमारीचे बंदर आहे, तेथील दिवस भरती-ओहोटीवर, होड्या परतण्याच्या वेळेवर आणि घरमालकिणीच्या चुलीवर चालतो, हे विचारात घेत नाही. परत आलेली मंडळी ज्या तक्रारी सांगतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ मला येथेच दिसते.

पहिली चूक सातारा सोडण्याआधीच होते. अंतर पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर आहे म्हणून लोक साडेतीन तासांचा हिशेब करतात. हा हिशेब पुण्याच्या हमरस्त्याला लागू पडेल, घाटाला नाही. मेढा, महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, खेड हा रस्ता अंतराने कमी असला तरी शनिवार-रविवारी महाबळेश्वरच्या गर्दीतून जातो. उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण हा थोडा लांबचा रस्ता मला कुटुंबासाठी अधिक बरा वाटतो. कोणत्याही रस्त्याने मुलांसह सहा तास धरावेत. फोनवरील नकाशा पाहून ‘जवळचा रस्ता’ शोधणाऱ्यांना तर हात जोडावेसे वाटतात. नकाशावर खेडचा रघुवीर घाट आपल्या कांदाटी खोऱ्यात उतरलेला दिसतो खरा, परंतु सातारा आणि त्या खोऱ्याच्या मध्ये कोयनेचा शिवसागर जलाशय पसरलेला आहे आणि गाडी पलीकडे न्यायची तर तराफ्याची वाट पाहावी लागते. पावसाळ्यात निघणाऱ्यांनी घाट सुरू आहे की नाही हे आदल्या दिवशी विचारून घ्यावे. जुलै 2021 मध्ये आंबेनळीत दरडी कोसळल्या आणि चिपळूण पाण्याखाली गेले, त्याच सुमारास सहलीचे बेत रेटू पाहणारे लोक मला ठाऊक आहेत. मुलांना गाडी लागत असेल तर घाटाच्या तोंडाशी वडापाव खाऊ घालू नये. ही गोष्ट सांगावी लागू नये, पण दरवर्षी सांगावी लागते.

तिथी न पाहता किनाऱ्यावर जाणे

आता माझ्या मते सर्वांत मोठ्या चुकीविषयी. आपल्या घरात भिंतीवर दिनदर्शिका असते, तीवर चतुर्थी आणि एकादशी पाहिली जाते, परंतु समुद्रावर जाताना तिथी पाहावी हे कोणाच्या मनात येत नाही. कोकणातील जुना हिशेब अगदी सोपा आहे: तिथीची पाऊणपट करावी, येईल तो आकडा पूर्ण भरतीचा साधारण तास असतो. शुद्ध असो वा वद्य, चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास येते आणि त्या दिवसांत उधाण असल्याने पाणी नेहमीपेक्षा बरेच वर चढते, तर ओहोटीला तितकेच दूर जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, ती मवाळ. हा हिशेब अंदाजाचाच आहे, पण बेत आखण्यास पुरेसा आहे, आणि नेमकी वेळ बंदरावरील कोणताही खलाशी सांगतो.

हे न पाहिल्याने काय होते ते मी कर्द्याच्या किनाऱ्यावर पाहिले आहे. आम्ही दोन कुटुंबे दोन गाड्यांनी गेलो होतो. आमच्या पेठेतील शेजाऱ्यांची गाडी नवी होती, अजून आसनांवरील प्लास्टिकही काढलेले नव्हते. दिवस पौर्णिमेचा, वेळ सकाळी साडेनऊची. ओली वाळू सिमेंटसारखी कडक दिसत होती आणि तिच्यावर आधीच कोणाच्या तरी चाकांच्या रेषा उमटलेल्या होत्या. तेवढ्या पुराव्यावर शेजाऱ्यांनी गाडी थेट पाण्याजवळ नेली, कारण मुलांना गाडीसह फोटो हवा होता. गाडी वर सुरूच्या झाडांपाशी ठेवू, असे मी दोनदा सांगून पाहिले, त्यावर ‘दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे’ असे उत्तर मिळाले. दहा मिनिटांचा तास झाला, कारण मुले पाण्यात शिरल्यावर दहा मिनिटांत बाहेर येत नाहीत. बाराची भरती असल्यामुळे पाणी सारखे वर सरकत होते. पुढच्या चाकांना लाट लागली तेव्हा शेजारी धावले, गाडीत बसले आणि त्यांनी जोरात ॲक्सिलरेटर दाबला. घाबरलेला माणूस नेमके हेच करतो, आणि रुतलेल्या गाडीचे खरे नुकसान यानेच होते. चाके जागच्या जागी फिरली आणि प्रत्येक फेरीगणिक खाली गेली. वहिनींनी गाडीतील रबरी पायपोसे काढून चाकांखाली घातली. ती चाकांनी मागे अशी भिरकावली की एक पायपोस लाटेबरोबर गेले ते गेलेच.

शेवटी वाडीतून एक ट्रॅक्टरवाला आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि दोर हातात घेण्याआधी म्हणाला, “ओढतो मी, पण पुढचा काय तुटला तर माझ्याशी भांडायचा नाय.” त्याचे बरोबर होते, असल्या प्रसंगी उपकार करणाऱ्यावरच भरपाईचा वाद येतो. गाडी निघाली तोवर खारे पाणी दाराच्या उंबऱ्यापर्यंत आले होते. पुढे ब्रेक गंजले, वायरिंगने त्रास दिला आणि विमा कंपनीशी झालेला पत्रव्यवहार शेजारी अजूनही फाईल काढून दाखवतात.

माझी सवय अशी आहे की गाडी डांबरी रस्ता सोडत नाही, मग समोरच्या वाळूवर दहा गाड्या उभ्या असोत. ज्यांना हे पटत नाही त्यांनी निदान एवढे लक्षात ठेवावे: चाक रुतल्याचे जाणवताच पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा, सगळ्यांना खाली उतरवावे, चाकांची हवा बरीच कमी करावी, चाकांमागील वाळू हाताने उपसावी आणि मगच गाडी हळूहळू आली त्याच रेषेत मागे घ्यावी. हवा सोडायला जीव होत नाही म्हणून लोक हे करत नाहीत.

विहिरीत पोहता येणे म्हणजे समुद्रात पोहता येणे नव्हे

आपल्याकडची बरीच मंडळी पाठीला डबा बांधून विहिरीत किंवा कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेली असतात आणि तो आत्मविश्वास घेऊन ती समुद्रात छातीभर पाण्यात जातात. विहिरीचे पाणी माणसाला कोठे नेत नाही, ओहोटीचे नेते. समुद्रस्नान भरती चढत असताना, गुडघ्या-मांडीपर्यंतच्या पाण्यात करावे आणि ओहोटी लागली की मुलांना बाहेर काढावे. आंजर्ल्याला जोग नदीची खाडी समुद्राला मिळते, त्या मुखाजवळ तर वरून शांत दिसणाऱ्या पाण्यातही उतरू नये. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडत न बसता किनाऱ्याला समांतर पोहून ओढीच्या पट्ट्याबाहेर पडावे. जेवून किंवा पिऊन पाण्यात उतरणाऱ्यांसाठी माझ्याकडे वेगळा सल्ला नाही. त्यांना सोबत नेऊ नये.

मासे खायला जाणे, पण माशांची वेळ न विचारणे

महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ आहे. पुढेही समुद्र शांत होईपर्यंत, म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत, पुष्कळ होड्या किनाऱ्यालाच असतात. तरीही जुलैत जाऊन ‘ताजी सुरमई मिळाली नाही’ अशी कुरकुर करणारे लोक भेटतात. त्या दिवसांत ताटात येणारी सुरमई बर्फातील असते. खाडीची मासळी मात्र मिळू शकते, तीच मागावी.

हर्णैच्या बंदरावर सकाळी आणि पुन्हा दुपारी चारनंतर मासळीचा लिलाव होतो. होड्या खोल पाण्यात थांबतात, माल छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून वाळूवर येतो, ढीग लागतात आणि बोली सुरू होते. हा व्यापाऱ्यांचा बाजार आहे. तेथे मध्ये शिरून ‘अर्धा किलो कोळंबी कशी दिली’ असे विचारणे म्हणजे मार्केट यार्डातील कांद्याच्या लिलावात पाव किलो कांदे मागण्यासारखे आहे. किरकोळ घ्यायचे असेल तर कडेला वाटे लावून बसलेल्या कोळणींकडे जावे. कल्ले लाल, डोळा फुगीर आणि अंग बोटाने दाबल्यावर पुन्हा वर येणारे, एवढे पाहिले तरी पुरते. भावात थोडी घासाघीस चालते, परंतु वाटा हातात घेऊन, चारदा उलटसुलट करून, निम्म्या भावाला मागणे चालत नाही. फोटो काढण्याआधी विचारावे. वाळत घातलेल्या सुकटीवरून आणि पसरलेल्या जाळ्यांवरून चालत जाऊ नये. ते आवार नव्हे, कोणाचे तरी भांडवल आहे.

जेवणाचा घोळ याहून मोठा. हर्णै-मुरूडकडे राहण्याची सोय पुष्कळदा घरगुती असते आणि तेथे स्वयंपाक माणसे मोजून होतो. किती जण, त्यांत शाकाहारी किती, गुरुवार-शनिवार पाळणारे कोण, हे आदल्या रात्री सांगावे लागते. आपली मंडळी मात्र दुपारी अडीच वाजता चौदा जणांनिशी दारात उभी राहतात आणि वीस मिनिटांत थाळ्या मागतात. घरमालकीण नम्रपणे ‘बघते हां’ म्हणते, नारळ खवायला घेते, आणि चार वाजता जेवण वाढले म्हणून आपण तिलाच नावे ठेवतो. मी निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून आकडा सांगतो आणि सोबत कंदी पेढ्यांचा पुडा नेतो. पेढ्यांमुळे सोलकढी दुसऱ्यांदा मिळते, असा माझा अनुभव आहे.

हर्णैसमोर समुद्रात असलेल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याला जायचे असेल तर होडीची वेळ भरतीवर ठरते, उतरताना गुडघाभर पाण्यात पाय घालावा लागू शकतो आणि किल्ल्यावर दुकान नाही, म्हणून पिण्याचे पाणी बरोबर न्यावे. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत हा आहे आणि आंबेनळीच्या वाटेवरचा आपला प्रतापगडही आहे. दोन्ही एकाच दिवसात उरकू पाहू नये. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा हर्णैच्या किनाऱ्यावरील कनकदुर्गावरून किल्ला पाहावा. रोख पैसे दापोलीतच काढून ठेवावेत. दुपारी बारा ते चार वृद्धांना वाळूवर नेऊ नये.

राहिली घरी मासे आणण्याची हौस. हे काम परतीच्या सकाळच्या लिलावानंतरच करावे, आदल्या संध्याकाळी नाही. थर्माकोलची पेटी साताऱ्याहूनच न्यावी, बर्फ बंदरावर मिळतो. मासे तेथेच पोट काढून घ्यावेत, कापून तुकडे करू नयेत. पेटीत खाली बर्फ, मग मासे, वर पुन्हा बर्फ अशा थरांनी भरावेत आणि झाकणाला चिकटपट्टी लावावी. पिशवीत बांधून डिकीत टाकलेल्या मासळीचे पाणी घाटाच्या पहिल्याच वळणावर गळू लागते, आणि तो वास गाडीतून काढण्यासाठी लोक कॉफीपावडरपासून कापरापर्यंत सगळे करून पाहतात. पेटीखाली जाड प्लास्टिक अंथरावे आणि कोयनानगरला चहासाठी थांबाल तेव्हा डिकी उघडून एकदा पाहावे.