फोटोतला मेटाडेटा काढताना फोटोचीच वाट लावू नका: या चुका टाळा

फोटो कुठं काढला, कधी काढला, कुठल्या फोनवर काढला ही सगळी माहिती, म्हणजेच मेटाडेटा, फोटोच्या फाइलमध्येच जाऊन बसते हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय आणि शेअर करायच्या आधी ती काढून टाकावी हेही पटलंय. पण काढायच्या नादात होतं काय, तर कधी फोटो धुरकट होतो, कधी आडवा पडतो, कधी रंग उडतात, आणि एवढं सगळं होऊनही लोकेशन तसंच्या तसं आत राहिलेलं असतं. २०१२ च्या डिसेंबरमध्ये अँटीव्हायरसवाला जॉन मॅकॅफी पोलिसांपासून लपून फिरत होता, तेव्हा एका मासिकानं त्याच्यासोबतचा फोटो वेबसाइटवर टाकला, त्या फोटोत जीपीएसचे आकडे तसेच होते आणि तो ग्वाटेमालात आहे हे लगेच सगळ्यांना कळलं. एक आयफोनचा फोटो, बस.

चुकांकडे वळायच्या आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण खालच्या बहुतेक भानगडी ती माहीत नसल्यामुळंच होतात. जेपेग म्हणजे फोटोंचा सगळ्यात नेहमीचा फाइल-प्रकार, त्या फाइलमध्ये माहिती आणि चित्र वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. सुरुवातीला छोटे छोटे कप्पे असतात, एक्झिफमध्ये कॅमेरा, वेळ, जीपीएस, एक्सएमपीमध्ये एडिटिंग सॉफ्टवेअरनं लिहिलेलं, आयपीटीसीमध्ये फोटोग्राफरचं नाव, कॅप्शन, कॉपीराइट, आणि या सगळ्यानंतर खरं चित्र म्हणजे कॉम्प्रेस केलेले पिक्सेल. डब्यावरचं लेबल काढायला डबा उघडावा लागत नाही, तसंच हे कप्पे काढायला चित्राला हात लावायची काहीच गरज नसते. म्हणजे मेटाडेटा काढल्यानं क्वालिटी गेली असं कुणी म्हणालं तर समजायचं की त्याच्या टूलनं नको तिथं हात घातलाय.

स्क्रीनशॉट मारला की झालं काम

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. लोकेशन जातं हे खरं, पण त्यासोबत फोटोही जातो. हिशोब करून बघा, फोटो ४००० बाय ३००० चा आहे म्हणजे १२ मेगापिक्सेल, आणि फोनची स्क्रीन १०८० पिक्सेल रुंद. फोन उभा धरून आडव्या फोटोचा स्क्रीनशॉट काढलात तर फोटोच्या वाट्याला १०८० बाय ८१० पिक्सेल आले, म्हणजे एक मेगापिक्सेलसुद्धा नाही. बारापैकी अकरा मेगापिक्सेल फेकून दिले तुम्ही, आणि हे नंतर कुठल्याही एआय अपस्केलरनं परत येत नाहीत, तो अंदाजानं भरतो. नुसतं चॅटवर दाखवायचं असेल तर ठीक आहे, पण प्रिंट काढायची असेल, कुठं स्पर्धेला पाठवायचा असेल, विकायचा असेल तर स्क्रीनशॉटच्या वाटेला जाऊच नका.

एडिटरमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करणं

इथं पिक्सेलची संख्या तेवढीच राहते म्हणून लोकांना वाटतं सगळं ठीक आहे. पण जेपेग उघडून पुन्हा जेपेगमध्येच सेव्ह केलं की चित्र परत एकदा कॉम्प्रेस होतं, बारीक पोत जातो, कडांशी डाग येतात. क्वालिटी १०० ठेवली तरी कॉम्प्रेशन नव्यानं होतंच, फरक कमी दिसतो एवढंच. गंमत म्हणजे यातून मेटाडेटा जाईलच याची खात्रीही नाही कारण बरेचसे एडिटर एक्झिफ जसंच्या तसं नव्या फाइलमध्ये उतरवतात आणि वर आपल्या सॉफ्टवेअरचं नाव लिहून ठेवतात. पीएनजी या दुसऱ्या फाइल-प्रकारात बदलून घेतलं तरी तेच, फाइल कितीतरी पट फुगते, आणि पीएनजीतही एक्झिफचा कप्पा असतो, २०१७ पासून तर अधिकृतपणे आहे. इमेजमॅजिक या फोटोंच्या टूलमधला स्ट्रिप हा माहिती पुसायचा पर्याय वापरणाऱ्यांनीही लक्षात ठेवा की ते माहिती काढतं पण जेपेगचं चित्रही नव्यानं कॉम्प्रेस करून लिहितं.

मग वापरायचं काय? माझं मत विचाराल तर एक्झिफटूल, फिल हार्वे यांचं, फुकट आहे, विंडोज मॅक लिनक्स सगळीकडं चालतं आणि पिक्सेलला हातसुद्धा लावत नाही. हुकूम, म्हणजे टाइप करून द्यायची कमांड, छोटाच आहे, आधी हायफन, मग ऑल, मग बरोबरचं चिन्ह आणि त्याच्यापुढं काहीच न लिहिता एक जागा सोडून फाइलचं नाव, म्हणजे सगळे टॅग रिकामे कर. जेपेगट्रान आणि जेपेगऑप्टिम ही दोन टूलंही चित्र न उघडता माहिती काढू शकतात.

विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्सखाली माहिती काढून कॉपी बनवायची सोय आहे, घाईच्या वेळी बरी आहे, पण तिथं लिहिलंय तेवढंच खरं धरा, जे काढणं शक्य आहे ते काढतं, सगळं नाही. आयफोनमध्ये शेअर करताना वर ऑप्शन्समध्ये जाऊन लोकेशन बंद करता येतं, पण जातं फक्त लोकेशन, तारीख वेळ मॉडेल तसंच राहतं.

डीपीआय ७२ दिसला म्हणून घाबरणं

मेटाडेटा काढल्यावर कुणीतरी प्रॉपर्टीज उघडतं, आधी ३०० होता तिथं ७२ किंवा ९६ दिसतो आणि आरडाओरडा सुरू, रिझोल्युशन गेलं म्हणून. काहीही गेलेलं नाही हो! डीपीआय हा स्वतःच मेटाडेटातला एक आकडा आहे, प्रिंटरला दिलेली सूचना, की एका इंचात किती पिक्सेल बसव. तो आकडा पुसला गेला की बघणारं सॉफ्टवेअर आपल्या मनानं ७२ नाहीतर ९६ दाखवतं. फोटो ४००० बाय ३००० होता आणि अजूनही ४००० बाय ३००० आहे, ३०० डीपीआयनं छापलात तर साधारण १३.३ बाय १० इंच येणारच. बघायचं ते फक्त रुंदी आणि उंचीचे पिक्सेल. कुणी ३०० डीपीआयच पाहिजे म्हणून फाइल परत केली तर तेवढा आकडा पुन्हा लिहून द्या, पण त्यासाठी एडिटरमध्ये रीसॅम्पल, म्हणजे पिक्सेलची संख्याच बदलणं, करू नका, तसं केलंत तर खरंच पिक्सेल बदलतील.

फोटो आडवा का पडला

फोन उभा धरून फोटो काढलात तरी बऱ्याच फोनमध्ये सेन्सर चित्र आडवंच लिहितो आणि एक्झिफमध्ये ओरिएंटेशन नावाच्या टॅगमध्ये १ ते ८ मधला एक आकडा टाकतो. ६ असेल तर त्याचा अर्थ, दाखवताना घड्याळाच्या दिशेनं ९० अंश फिरव. आता तुम्ही सगळं पुसलंत म्हणजे हा आकडाही गेला, आणि उभी माणसं आडवी झाली. लोक मग एडिटरमध्ये फिरवून सेव्ह करतात, म्हणजे परत कॉम्प्रेशन.

दोन रस्ते आहेत. सोपा म्हणजे ओरिएंटेशनचा टॅग तेवढा राहू द्यायचा, त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. एक्झिफटूलला सगळं पुसून तेवढाच टॅग त्याच फाइलमधून परत लिही असं सांगता येतं. दुसरा रस्ता म्हणजे जेपेगट्राननं आधी खरोखर फिरवून घ्यायचं, तेही कॉम्प्रेशन न करता, कारण जेपेगचे पिक्सेल ८ बाय ८ च्या ठोकळ्यांत असतात आणि ठोकळे जागचे हलवून फिरवता येतात. पण इथं एक बारीक अडचण येते. फोनच्या जेपेगमध्ये सहसा हे ठोकळे मिळून १६ बाय १६ चा गट बनतो, आणि फोटोच्या मापाला १६ नं पूर्ण भाग गेला नाही तर कडेची पट्टी नीट फिरत नाही. ४०३२ बाय ३०२४ ला दोन्हीकडून बरोबर भाग जातो, काही त्रास नाही. ४००० बाय ३००० मध्ये मात्र ३००० ला १६ नं भागलं की आठ ओळी उरतात, मग एकतर कडेला विचित्र पट्टी दिसते किंवा ट्रिमचा पर्याय देऊन त्या आठ ओळी कापाव्या लागतात. अशा वेळी टॅग ठेवणंच बरं.

रंग फिके पडले

हा प्रकार लोकांच्या उशिरा लक्षात येतो. फाइलमध्ये आयसीसी प्रोफाइल म्हणून एक कप्पा असतो, पिक्सेलमधले आकडे कुठल्या रंगपट्ट्यातले आहेत ते त्यात लिहिलेलं असतं. आयफोनचे फोटो डिस्प्ले पी३ मध्ये असतात, कॅमेरेवाले बरेच जण अडोबी आरजीबी वापरतात. प्रोफाइल पुसलं की समोरचं सॉफ्टवेअर सरळ एसआरजीबी, म्हणजे नेहमीचा लहान रंगपट्टा, समजून दाखवतं आणि लाल हिरवे रंग मळकट होतात. पिक्सेल एकही बदललेला नसतो, पण फोटो मेल्यासारखा दिसतो. म्हणून वरच्या हुकुमात ऑल पुसताना पुढं दोन हायफन देऊन आयसीसी अंडरस्कोअर प्रोफाइल, कोलन, ऑल असं जोडा, म्हणजे तेवढं वगळलं जातं. जेपेगट्रान सगळं काढ म्हटलं की हेही काढतं, तेव्हा जपून.

नव्या फोनांमध्ये आणखी एक भर पडलीय. अँड्रॉइड १४ पासून अल्ट्रा एचडीआर नावाचा प्रकार आलाय, त्यात नेहमीच्या जेपेगच्या मागं एक गेन मॅप चिकटवलेला असतो, कुठला भाग किती उजळ दाखवायचा ते सांगणारा. माहिती साफ करताना तो तुटला तर फोटो खराब होत नाही पण एचडीआर स्क्रीनवरची ती चमक जाते. कुणाला फोटो सपाट वाटला तर आधी हे तपासा.

सगळं काढलं तरी काहीतरी आत राहिलंच

इथं खरी काळजी घ्यायला हवी, कारण इथली चूक दिसत नाही. एक्झिफमध्ये एक चिमुकला थंबनेल, म्हणजे फोटोची छोटीशी प्रत, असतो, बहुधा १६० बाय १२० चा. काही एडिटर फोटो क्रॉप करतात पण थंबनेल जुनाच ठेवतात, म्हणजे तुम्ही बाजूचा माणूस कापलात आणि थंबनेलमध्ये तो उभाच आहे. नुसतं जीपीएस पुसणारं ॲप वापरलं तर हा थंबनेल तसाच जातो. एक्सएमपीमध्येही लोकेशनची दुसरी प्रत असू शकते, आणि मेकरनोट म्हणून कंपनीचा स्वतःचा कप्पा असतो त्यात कॅमेऱ्याचा सिरियल नंबर सापडतो, त्यावरून दोन वेगळ्या खात्यांवरचे फोटो एकाच कॅमेऱ्याचे आहेत हे जुळवता येतं. म्हणून फक्त जीपीएस काढून समाधान मानू नका.

मोशन फोटो, म्हणजे दाबल्यावर हलतो तो, त्यात जेपेगच्या शेपटीला अख्खा व्हिडिओ असतो, आवाजासकट. आणि २०२३ मध्ये तर उघड झालं की गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या मार्कअप या एडिटिंगच्या टूलमध्ये क्रॉप केलेल्या पीएनजीच्या मागं मूळ चित्राचा बराच भाग तसाच शिल्लक राहत होता, विंडोजच्या स्क्रीनशॉटवाल्या टूलमध्येही तसंच निघालं. दोन्ही दुरुस्त झाले, पण त्याआधी क्रॉप करून पाठवलेल्या फाइली दुरुस्त होत नाहीत ना. जुन्या क्रॉप केलेल्या स्क्रीनशॉटमध्ये बँकेचं काही असेल आणि ते कुठं अपलोड असेल तर काढून टाका.

आणि एक अगदी साधी गोष्ट, एक्झिफटूल साफ फाइल बनवताना मूळ फाइल नावापुढं ओरिजिनल लावून त्याच फोल्डरमध्ये ठेवतं. तोच फोल्डर झिप करून पाठवला की सगळी माहिती समोरच्याच्या हातात.

व्हॉट्सॲप काढतंच की

फोटो म्हणून पाठवलात तर हो, काढतं, आणि सोबत फोटो लहानही करतं. मग क्वालिटी जाऊ नये म्हणून लोक डॉक्युमेंट म्हणून पाठवतात आणि तिथं फाइल जशीच्या तशी जाते, घरच्या पत्त्यासकट. टेलिग्रामला फाइल म्हणून पाठवा, ईमेलला जोडा, ड्राइव्हची लिंक द्या, सगळीकडं हेच. म्हणजे पूर्ण क्वालिटी पाहिजे असेल तेव्हा माहिती आधी स्वतः काढायची, मग डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं. आणि मेटाडेटा काढून देतो म्हणणाऱ्या अनोळखी साइटवर फोटो चढवणं तर कृपा करून थांबवा, जे लपवायचंय तेच आधी त्यांना नेऊन देताय.

तपासायचं कसं

ज्या टूलनं काढलं त्याच्यावर विसंबू नका, दुसऱ्या टूलनं बघा. एक्झिफटूलमध्ये बघत असाल तर साफ केल्यावरही फाइलचा आकार, रुंदी, उंची, बदलल्याची तारीख अशा ओळी दिसतात, त्या आत लिहिलेल्या नसतात, टूल फाइल बघून तिथल्या तिथं काढतं, तेव्हा दचकू नका. पुढं फाइलचा आकार बघा. पाच एमबीची फाइल काही केबीनं कमी झाली असेल तर छान. पाचाची दोन झाली असेल तर बहुतेक पुन्हा कॉम्प्रेस झालीय, फक्त मोशन फोटो असेल तर व्हिडिओ गेल्यामुळंही एवढा फरक पडतो. पक्कं करायचं असेल तर इमेजमॅजिकनं मूळ आणि नवी फाइल पिक्सेलवार ताडून बघता येते, फरक शून्य आला पाहिजे.

हे सगळं नेहमी कॉपीवर करा. मूळ फाइलवरच केलंत तर तारीख जाते आणि वर्षांपूर्वीचे फोटो गॅलरीत आजच्या तारखेला येऊन बसतात. रॉ फाइलींना, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या फाइलींना, तर हातच लावू नका, व्हाइट बॅलन्ससारखी माहिती त्याच कप्प्यांत असते आणि ती गेली की फाइल नीट उघडणार नाही, रॉमधून जेपेग काढा आणि ते साफ करा. दुसऱ्या कुणाचा फोटो असेल तर त्याचं नाव आणि कॉपीराइट पुसू नका, तो त्याचा हक्क आहे, स्वतःचा असेल तर सगळं साफ करून तेवढं नाव परत लिहा.

राहता राहिलं फाइलचं नाव. आतून सगळं साफ केलं तरी फोनच्या फाइलच्या नावातच बऱ्याचदा तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ असते, तेव्हा पाठवायच्या आधी नाव बदला.